माझ्या माघारी, माझ्याच घरात

फाट्यावरच्या फ्लेक्सवर चेहरा माझा होता, हात दुसऱ्याच कुणाचे तरी होते.

तेलगावच्या ज्या दुकानात तो छापला, तिथे माझा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो एका अनोळखी बाईच्या धडावर बसवला होता. पांढरा एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, छातीशी बांधलेले हात. त्या हातांना लांब रंगवलेली नखं होती आणि एका बोटात खड्याची अंगठी. माझा रंग बराच उजळ केला होता. वर मोठ्या अक्षरांत एमबीबीएसला निवड झाल्याबद्दल अभिनंदन, खाली गोल चौकटींत काकांचे मित्र शुभेच्छुक म्हणून, आणि माझ्या शेजारी, माझ्याहून जरा मोठेच, हात जोडून उभे असलेले काका. त्यांना पुढच्या पंचायतीला उभं राहायचं होतं.

वारं भरून फ्लेक्स फाटू नये म्हणून त्याला कोयरीसारखे काप देतात. त्यातला एक काप नेमका माझ्या गळ्यावर आला होता. वारा आला की तो उघडायचा, वारा थांबला की मिटायचा. मी स्कूटी थांबवून बघत राहिले. कुणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगत असावं तसं ते दिसत होतं.

निवड झालेलीच नव्हती. आदल्या वर्षी माझ्याएवढ्या मार्कांवर सरकारी कॉलेज मिळालं होतं, म्हणून काकांनी यादी लागायची वाट पाहिली नाही. शाळेत सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. बायका आपल्या मुलींना माझ्या पाया पडायला लावत. यादी लागली तेव्हा मार्कांची रेघ माझ्या वर गेली होती. पुढच्या याद्यांतही माझं नाव आलं नाही. खासगी कॉलेजचं आमच्या घरात कुणी बोललंही नाही.

मला खरं तर सुटल्यासारखं झालं. मला अंबाजोगाईला भूगोल घेऊन बी.ए. करायचं होतं. शाळेतलं मी कुणी न सांगता उघडलेलं एकच पुस्तक म्हणजे नकाशांचं. आमच्या गच्चीवरून बालाघाटची रांग दिसते. ती अशी सपाट माथ्याची का आहे, हे मला डॉक्टर होण्यापेक्षा जास्त जाणून घ्यायचं होतं. पण इंग्लिश मीडियमला घातलेल्या मुलीने आर्ट्स घेणं म्हणजे आमच्याकडे नापास होण्याच्या खालची पायरी. मी ते जेवताना एकदाच बोलले.

"भूगोल घिऊन काय करणारेस?" काका म्हणाले. "एष्टी स्टँडवर नकाशे इकणारेस का?"

पप्पा हसले नाहीत. त्यांनी काकांना थांबवलंही नाही.

पुढचं कुणी ठरवलं हे मला आजही सांगता येत नाही. त्याच जेवणात बोलणं सुरू झालं आणि ताटं उचलेपर्यंत ठरलेलं होतं. मी नागपूरला कॉलेजात गेले असं गावात सांगायचं. मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहून पुन्हा परीक्षेचा अभ्यास करायचा. पुढच्या वर्षी नंबर लागला की खोटं आपोआप खरं होणार होतं. मी मान हलवली. मी लहानपणापासून मान हलवत आले आहे. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी इंग्रजी बोललं की हसायचे, तेव्हा मान हलवणं सोपं पडायचं.

मला रीतसर वाटेला लावलं. मम्मीने हातावर दही ठेवलं. शेजारच्या आजीने माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. काकांची जीप फाट्यावरून मुद्दाम हळू गेली. चार दिवस नांदूरघाटला आत्याकडे काढले आणि मग तिन्हीसांजेला, वीज गेलेली असताना, ओढणी डोक्यावरून घेऊन मागच्या बोळातून मला घरात आणलं. जिना चढताना मम्मी पुढे होती. ती मागे वळून म्हणाली, "पाय वाजवू नको."

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. दर वर्षी जातात. अर्ध्या गावाला कुलूप लागतं, दाराला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतात, अंगणात कुणी चालत नाही. म्हातारी माणसं आणि काही पोरं मागे राहतात. पूर्वी हे मला शाळेच्या गाडीतून येता-जाता दिसायचं. आता दिवसभर खिडकीच्या फटीतून तेच बघत होते. कोण गावात आहे आणि कोण गेलं, हे सगळ्यांना पाठ असतं. मी गेलेल्यांत होते.

वरून मला खालचं सगळं ऐकू यायचं. बायका आल्या की माझी चौकशी करायच्या आणि मम्मी सांगायची. सुरुवातीला दोन वाक्यांत उरकायची. मग तिला ते जमायला लागलं. मेसचं जेवण मला सोसत नव्हतं. मी वाळले होते. पहिल्या दिवशी प्रेत बघून मला चक्कर आली होती, पण आता मी न घाबरता हात घालत होते. माझ्या खोलीत एक अमरावतीची मुलगी होती, ती माझ्या केसांना तेल लावून द्यायची. मी पत्र्याखाली बसून ऐकायचे. त्या मुलीचं नाव ऐकून मला तिची सवय झाली. मम्मी इतक्या आनंदाने माझ्याबद्दल कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

एकदा ती ताट घेऊन वर आली तेव्हा तिचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी फोन माझ्याकडे द्यायला सांगितलं असणार. मम्मी माझ्याकडे बघत म्हणाली, "ती कुठं हाय इथं?" ती माझ्या डोळ्यांतच बघत होती. फोन ठेवून तिने वरणाची वाटी पुढे सरकवली आणि मीठ बरोबर आहे का विचारलं.

माझा अभ्यास होत नव्हता. पुस्तक उघडं असायचं आणि मी खोलीत फेऱ्या मारायचे, अनवाणी, टाचा न टेकवता. तरी शेजारच्या आजीने ऐकलं. तिची नजर अधू आहे, कान तिखट. तिचा मुलगा आणि सून तोडीला गेले होते, ती दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. एक दिवस म्हणाली, वर कुणीतरी फिरतंय. मम्मीने मांजर सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मांजर दोन पायांवर चालत न्हाई. मम्मी हसली. आजी हसली नाही. लेक घरातून गेली की रिकाम्या खोलीत काहीतरी वस्तीला येतं, असं तिने समजावून सांगितलं. उतारा टाकला पाहिजे. मम्मीने टाळायचा प्रयत्न केला, पण फार टाळलं असतं तर आजी वर बघायला आली असती.

त्या दुपारी मी दाराच्या फटीतून बघितलं. जिन्याच्या खालच्या पायरीपाशी मम्मी उभी होती, हातात पळसाच्या पानावर दहीभात, भातावर हळद-कुंकू आणि चिरलेलं लिंबू. आजी मागे काठीवर टेकून सांगत होती तसं मम्मीने ते पान जिन्यावरून ओवाळलं.

"म्हण," आजी म्हणाली. "जे कुणी असशील, एवढं घे आन् आमचं घर सोड."

मम्मीने म्हटलं, पण आवाज पुटपुटल्यासारखा आला. आजीने मोठ्यानं म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी मम्मीचा आवाज स्वच्छ होता. वर बघून, जिथे मी उभी होते तिथेच बघून तिने सांगितलं, "जे कुणी असशील, एवढं घे आन् आमचं घर सोड."

ती खोटं खोटं म्हणत होती हे मला कळत होतं. तरीही माझे पाय एक पाऊल मागे गेले होते. सांगितलं म्हणून मी निघालेच होते. पुढच्या वर्षी नंबर लागला असता तर मम्मी सांगायची ती नागपूरची मुलगी या घरात आली असती आणि मी खरोखरच कुठे राहिले नसते.

मी दार उघडलं आणि टाचा टेकवत जिना उतरले.

मम्मीच्या हातातलं पान कलंडलं. आजी ओरडली नाही. तिने काठी पुढे धरली आणि म्हणाली, "पाय दाव." मी सलवार जरा वर केली. ती वाकली, हाताने माझ्या पावलांची बोटं चाचपली, मग टाचा.

"सरळ हाईत की," ती म्हणाली. मग चेहऱ्याजवळ तोंड आणून, "आगं, ही तर आपली डाक्टरीन. कवा आलीस? सुट्टी लागली व्हय?"

"व्हय, आत्याबाई," मम्मी पटकन म्हणाली. "सकाळच्या गाडीनं आलीया. वर झोपलीती."

मला फक्त मान हलवायची होती. मम्मी माझ्याकडे बघत होती, आणि ती माझी विनवणी करते आहे हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"मी कुठे गेलेच नव्हते, आजी," मी म्हणाले. "माझा नंबर लागला नाही. वर मीच चालत होते."

कितीतरी दिवसांनी मोठ्याने बोलल्यामुळे आवाज चिरकला. आजीने काठी जमिनीला टेकवली.

"मंग येवढे दिस बोलली कावून न्हाईस?" तिने विचारलं. मला विचारलं की मम्मीला, कळलं नाही. मग तिचं लक्ष माझ्या पायांखालच्या भाताकडे गेलं आणि ती घाईघाईने म्हणाली, "आधी मागं सर. उतारा वलांडलास. पाय धू."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, दोन दिवसांत तोडीवरच्या लोकांनाही. काका महिनाभर आमच्याकडे आले नाहीत. फ्लेक्स उतरवून कुणी नेला, मी विचारलं नाही. पप्पांनी खूप दिवसांनी एकच प्रश्न विचारला, अंबाजोगाईचे प्रवेश कधी सुरू होतात. लोक अजून मला डॉक्टरीण म्हणतात, काही चिडवून, काही सवयीने. मी थांबते आणि भूगोल सांगते.

मी आता अंबाजोगाईला दुसऱ्या वर्षाला आहे. मम्मीची एक मावशी सोलापूरला असते, तिला कुणी काही सांगितलेलं नाही. ती म्हातारी आहे, फोनवरच भेटते. तिचा फोन आला की मम्मी तिला नागपूरचं सांगते. ती नागपूरची मुलगी माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे आहे. तिला रात्रीच्या ड्यूट्या असतात, झोप होत नाही, पण प्रोफेसर तिचं कौतुक करतात. सुट्टीत घरी असले की मी त्याच खोलीत जमिनीवर नकाशा पसरून बसलेली असते. उठून जात नाही.

परवा मम्मीने फोनवर हात ठेवला आणि मला हळूच विचारलं, "नागपूरला थंडी लई असती का गं?"

"असते," मी म्हणाले. "समुद्र लांब आहे ना, म्हणून."

तिने तसंच मावशीला सांगितलं.