काळ्या बायका, पिवळे नवरे

माझ्या मावशीचं काम ऐकून लोक हसतात. हसू देत. ती कीटकांच्या प्रयोगशाळेत तिळाएवढ्या गांधीलमाश्या कागदाच्या टोकावर डिंकानं चिकटवते. वीस वर्षं झाली. पाय तुटत नाही, पंख दुमडत नाही. तुम्ही एक चिकटवून दाखवा, मग हसा.

या माश्या अळीच्या पोटात अंडी घालतात. पिल्लं अळीला आतून खातात, बाहेर येऊन पांढरे कोष विणतात आणि त्यातून माश्या निघतात. मावशी अळ्या काचेच्या नळ्यांत पाळते. माश्या निघाल्या की प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञ मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून त्यांचं वर्णन लिहितात.

त्या वर्षी मॅडमना दोन नव्या जाती सापडल्या. एक काळी, एक पिवळी. चार महिने त्या लिहीत होत्या. एकदा टेबल आवरताना मावशीनं कागद वाचला: काळ्या जातीचा नर मिळाला नाही, पिवळ्या जातीची मादी मिळाली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "एका गावात नुसत्या बायका, दुसऱ्यात नुसते पुरुष, असं असतं का कुठं? हे नवरा-बायको आहेत."

"एकाच अळीतून निघालेत का? नळीचे नंबर दाखवा."

मावशीचा चेहराच पडला. नंबर नव्हते. नीटनेटकं दिसावं म्हणून तिनंच काळ्या एका पेटीत आणि पिवळ्या दुसऱ्या पेटीत लावल्या होत्या. नळ्याही धुऊन टाकलेल्या. म्हणजे मॅडमच्या चुकीचं मूळ मावशीच. आणि लेख तीन आठवड्यांनी छापायला जाणार होता.

घरी आली ती जेवलीच नाही. "माझ्या टापटिपीपायी खोटं छापलं जाणार गं. कायमचं."

"मग परत पाळू," मी म्हटलं. शाळा सोडलेली, वेळच वेळ होता.

प्रयोगशाळेमागच्या कोबीवरून आम्ही चौदा अळ्या आणल्या. एक अळी, एक नळी, कापसाचा बोळा, वर नंबर. सगळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत.

काका कुरकुरले, "मला शिळं, आणि अळ्यांना दोन वेळा ताजा पाला!"

"नळीत बसा, तुम्हालाही घालते," मावशी म्हणाली.

दोन अळ्या मेल्या. अकरा ठणठणीत, पोटात काहीच नाही. उरली नऊ नंबरची. आठवडा राहिला असताना तिच्या अंगावर पांढरे कोष दिसले. मावशी दर तासाला खिडकीशी.

लेख जायच्या आदल्या सकाळी कोष फुटले. पहिला पिवळा. दुसरा पिवळा. तिसराही. मावशी पदराचं टोक पिळत होती. मग एक काळी बाहेर आली. तिचे पंख पुरते उघडायच्या आत एक पिवळा तिच्यामागे लागला.

"तिला तोंड तरी धुऊ दे, मेल्या!" मावशी ओरडली, आणि हसता हसता रडायला लागली.

मी स्कूटर अशी हाणली की विचारू नका. मावशी मागे, नळी मुठीत. मॅडमनी बराच वेळ बघितलं. मग पेन घेतलं आणि एक अख्खं नाव खोडलं.

"माझी एक जात खाल्लीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "बसा, चहा घेऊ."

लेख छापून आला. मादी काळी, नर पिवळा, नळी क्रमांक नऊ. पाळणारी म्हणून मावशीचं पूर्ण नाव.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही नंबर आहेत. काका रोज मीठ शोधतात.

"नऊ!" आम्ही दोघी एकदम ओरडतो.