बाटलीतला बुडबुडा

तोवे लुंड डेन्मार्कमधल्या लिमफियोर्ड या खाडीच्या तळाचं पाणी तपासते. तिथला ऑक्सिजन संपला की मासे मरतात, म्हणून दर बुधवारी ती आयगिलच्या बोटीतून नमुना आणायची. नवरा गेल्यापासून आठवड्यात तिच्याशी गप्पा मारणारा माणूस तो एकच.

यंदा संशोधन केंद्राने पाण्यात ऑक्सिजन मोजणारं यंत्र सोडलं. त्याचा आकडा तिच्या बाटलीशी जुळला की बोटीच्या फेऱ्या बंद होणार होत्या.

शेवटच्या चाचणीत तिने बाटलीला बूच लावून ती उलटी केली. आत हवेचा बुडबुडा दिसला. त्या हवेने तिचा आकडा फुगला असता आणि यंत्र नापास झालं असतं.

“राहू दे की गं,” राय धान्याचा काळा पाव चावत आयगिल म्हणाला. “अजून वर्षभर माझी बडबड ऐकशील.”

“तुझ्या बडबडीनेच मासे मरतात. ऑक्सिजन उगाच बदनाम.”

तोवेने बाटली रिकामी केली आणि काठावरून पाणी वाहेपर्यंत पुन्हा भरली. आता बुडबुडा नव्हता. आकडे जुळले.

पुढच्या बुधवारी यंत्राचा आकडा तिच्या टेबलावरच्या पडद्यावर आला. “घसरलाय,” ती मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.