इकडं या, काम हाय

ते आधी कोपर धरायचे. जोरात नाही, लग्नात आग्रहाने पंगतीला नेताना धरतात तेवढंच. मग म्हणायचे, "इकडं या, जरा काम हाय." माणूस त्यांच्यासोबत चार पावलं जायचा आणि विचारायचा, "काय काम?" त्यावर ते शांतपणे सांगायचे, "हेच. तिथून हलायचं."

हे आमच्या दूध सोसायटीचे सचिव. पहिला कॅन भरला तेव्हापासूनचे. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात सोसायटीने चौसाळ्याच्या अलीकडे माळावर जनावरांची छावणी घातली. दूध आटलेलंच होतं, त्यामुळे एरवी फॅट तपासणाऱ्या मलाही तिथे चारा वाटायला पाठवलं. माजलगावकडून उसाचे ट्रक यायचे, ते उतरवून दावणीप्रमाणे वाटायचे. छावणीचा कारभार सचिवांकडे होता. पण त्यांचं निम्मं लक्ष बसलेल्या जनावराकडे असायचं.

दुष्काळ पाहिलेल्यांना 'जनावर बसलं' म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. अशक्त झालेलं जनावर एका सकाळी उठतच नाही. मग त्याची कूस बदलायची, पाय चोळायचे, गुळाचं पाणी पाजायचं, पोटाखालून गोणपाट घालून चौघांनी वाशांवर उचलून उभं धरायचं. ते पुन्हा बसतं. पुन्हा उचलायचं. काही उठतात, बरीच जातात. मालकाने नाद सोडला की मात्र एकही उठत नाही. आणि मालकाने नाद सोडावा याची व्यवस्था आपलीच माणसं करतात. बसलेल्या जनावराला बघायला जेवढी माणसं येतात तेवढी बारशालाही येत नाहीत. येतात, मांडी घालून बसतात, तंबाखू मळतात आणि बोलतात.

"बोलल्यानं बैल मरतो का हो?" मी एकदा त्यांना डिवचलं होतं.

"बैलाला काय कळतंय? मालकाच्या हातातलं दावं बघा," ते म्हणाले.

मग मी बघायला लागलो. एका बाईची गाय बसली होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, ती एकटीच छावणीत राहायची. पहिल्यांदा दीर आला आणि म्हणाला, "मी म्हनलं नव्हतं, ही गाय घिऊ नको म्हणून?" बाईने दावं खांद्यावर टाकलं आणि दिराचा चांगलाच उद्धार केला. सचिव लांबून बघत होते, पण जागचे हलले नाहीत.

"हिरमोड केला त्यानं तिचा. करू द्या. चिडली म्हंजी कामाला लागंल."

मग डॉक्टर येऊन दरडावून गेले, संध्याकाळपर्यंत उभी राहिली नाही तर फुगेल म्हणून. बाईचा चेहरा उतरला. तिने दाव्याचा पीळ मुठीला घट्ट गुंडाळला आणि वासे धरायला माणसं गोळा करायला पळाली.

"हे भेव घालणं," सचिव म्हणाले. "भेव असावं. भेवानं माणूस पळतंय."

दुपारी शेजारच्या दावणीची म्हातारी आली. मनाची चांगली बाई. तिने हिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या हातात व्हतं तेवढं केलंस. आता जिवाला लावून घिऊ नको." तेवढ्याने त्या बाईची मूठ उघडली आणि दावं हलकेच जमिनीवर आलं. सचिव ट्रकवरचा ऊस मोजायचा सोडून धावत आले. म्हातारीचं कोपर धरलं. "मावशी, इकडं या, जरा काम हाय."

परत आल्यावर त्यांनी ते दावं उचलून बाईच्या हातात दिलं. मला म्हणाले, "बघितलं का? ह्याला खचवणं म्हणत्यात. ह्यात आवाज चढत न्हाई, शिवी न्हाई. मायेनंच करत्यात सगळे."

गाय गेलीच. पण बाईने शेवटपर्यंत दावं सोडलं नाही, आणि गाय गेल्यावरही ती दुसऱ्यांच्या जनावरांना वासे लावायला उभी राहिली. सचिवांना बहुतेक तेवढंच हवं होतं.

पाऊस अजून पडला नव्हता, तरी वरून छावणी बंद करायचा निरोप आला. लोकांनी खुंटे उपटले. त्याच सकाळी बप्पांचा बैल बसला. बप्पा म्हणजे चौसाळ्यापलीकडच्या एका वस्तीवरचे म्हातारे. सिरसाळ्याहून आणलेली बैलजोडी, त्यातला एक आधीच गेलेला. दिवस मावळायच्या आत हा उभा राहिला नाही तर त्याला माळावर तसाच टाकून जावं लागणार होतं. सचिवांनी पुढचं दावं स्वतः धरलं आणि आम्ही मागून वासे लावले. एकदा बैल अर्धवट उठला आणि बसला.

तेवढ्यात समारोपासाठी सोसायटीचे चेअरमन आले. मांडव घातलेला, शाल आणि नारळ आणलेला. ते आमच्याकडे आले आणि बप्पांना मऊ आवाजात म्हणाले, "बप्पा, कशाला हाल करता त्याचे? सोडा आता."

सचिवांनी एका हातात दावं तसंच धरून दुसऱ्या हाताने चेअरमनचं कोपर धरलं. "साहेब, इकडं या, जरा काम हाय."

चेअरमन हसले. रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी सचिवांच्या खांद्यावर हात ठेवला. "सचिव, लई केलं तुमी. सोसायटी आता मोठ्या संघात चालली, तिथं त्यांची माणसं हायती. आता तुमचं काय काम राहिलं न्हाई. घरी बसा, आराम करा." आणि मागे वळून त्यांनी शाल मागवली.

शाल अंगावर पडली. नारळ पुढे आला. तो दोन्ही हातांनी घ्यायची रीत आहे. सचिवांनी हातातलं दावं जमिनीवर ठेवलं आणि नारळ घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला चेअरमनचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

बप्पांनी दावं उचललं. आम्ही पुन्हा वासे लावले, आणि ऊन कलायच्या सुमारास बैल उभा राहिला, थरथरत, पण चार पायांवर. मी ओरडून सचिवांना हाक मारली. ते मांडवात खुर्चीवर नारळ मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर ते घराच्या ओट्यावर बसले ते बसलेच. आजार म्हणावा असा काही नव्हता. जेवण कमी झालं, मग बोलणं. बघायला माणसं येऊ लागली. तंबाखू मळत म्हणायची, "ह्या वयात असंच असतंय."

बप्पा मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी तो बैल घेऊनच यायचे. ओट्याला लागून उभा करायचे आणि काही न बोलता दावं सचिवांच्या हातात द्यायचे. सचिव बैलाकडे बघायचे, दाव्यावरून बोटं फिरवायचे. मला दर वेळी वाटायचं, आता मूठ वळेल. ते दावं अलगद खाली ठेवायचे. बप्पा ते उचलायचे आणि पुढच्या बाजाराला पुन्हा यायचे. असं पुढचा उन्हाळा येईपर्यंत चाललं.

सचिव गेले त्या दिवशी चेअरमनही आले. त्यांनी हार घातला, डोळे पुसले. खरंच पुसले, माणूस वाईट नव्हता. पायांशी उभं राहून ते हळू आवाजात म्हणाले, "सुटले बिचारे. आता काय राहिलं व्हतं त्यांचं?"

बप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी चेअरमनचं कोपर धरलं.

"साहेब, इकडं या. जरा काम हाय."

चेअरमन मुकाट्याने त्यांच्यामागे अंगणात गेले. "काय काम, बप्पा?" त्यांनी विचारलं. आम्ही सचिवांना उचलून बाहेर आणलं, तरी बप्पा तसेच चेअरमनचं कोपर घट्ट धरून उभे होते.