टक् वाजलं होतं

हे आजवर मी कोणाजवळ बोलले नाही — घरधन्याजवळसुद्धा नाही. ऐकून हसाल तर हसा. मीही हसतेच, तिथंच तर घोटाळा आहे.

माझी लेक सुनंदा तेव्हा नागपूरला नव्यानं नोकरीला लागली होती. दिवाळीला आली ती लॅपटॉप घेऊन. मंडईच्या सकाळीच परत निघणार म्हणाली, साहेबांना काम दाखवायचंय. आता सांगा — दिवाळीनंतरची गावची मंडई म्हणजे आमची जत्राच, साऱ्यांच्या लेकी माहेरी, घरं पाहुण्यांनी भरलेली — आणि माझीच तेवढी एसटीत?

त्यात लॅपटॉप रुसला. चालू केला की नुसता पी-पी, पडदा काळा. ब्रह्मपुरीला युसूफभाऊंच्या दुकानात नेला, मीही सोबत. त्यांनी पाठचं झाकण उघडलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या. आधी एकीवर चालवून पाहिला, मग दुसरीवर — दुसरीवर चालेना. तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पट्टी तिरपी घालून खाली दाबली.

"ऐकलं का, बाई? टक् नाई वाजलं तं समजा, पट्टी बसलीच नाई."

मी बरी ऐकणार नाही!

मंडईच्या आदल्या दुपारी सुनंदा न्हाणीत गेली, आणि मी — भाजीच्या चाकूनं पाठच्या झाकणाचा स्क्रू काढला. वर गाणं गुणगुणत होते.

सकाळी पुन्हा पी-पी. त्याच्याशी झटता झटता एसटी गेली. साहेब फोनवर म्हणाले, उद्या ये. युसूफभाऊ मंडईतच होते, मेहुण्याच्या बांगड्यांच्या दुकानावर. सुनंदा लॅपटॉप घेऊन तडक तिथं, मी मागोमाग.

"काऊन भाऊ, असं काम करून राह्यले? तुमच्यापायी माझी गाडी गेली!"

त्यांनी झाकण उघडलं. पट्टी अर्धी वर आलेली.

"बसली नसंल, बाई. चूक माझीच."

"युसूफभाऊ, आता बांगड्याच विका!" गर्दीतून कोणी ओरडलं. सारे हसले. मीही — सगळ्यांत मोठ्यानं.

मग आम्ही मायलेकी आकाशपाळण्यात बसलो. वर गेल्यावर ती मला बिलगून किंचाळली, लहानपणी किंचाळायची तशी. जिलेबी खाल्ली, हिरव्या बांगड्या भरल्या — युसूफभाऊंच्याच हातून. त्यांनी मान वर केली नाही. पुढं कितीतरी दिवस लोक त्यांना बांगडीवाले म्हणून चिडवत राहिले.

इतकी खुश मी पुन्हा कधी झाले नाही. तो दिवस आठवला की आजही हसू फुटतं, खोटं काऊन बोलू?

पण युसूफभाऊंनी पट्टी नीटच बसवली होती. टक् वाजलं होतं. मी ऐकलं होतं.