भात्याला लावलेली खळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दुसऱ्यांचा खोटेपणा पत्रकं छापून चव्हाट्यावर आणणारी मी — आणि हे मात्र गिळून बसले.

शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांतली झाडं तोडायला निघाले, तेव्हा आम्ही भिंतीभिंतीवर पत्रकं चिकटवली. शेजारचे देशकर काका, मूळ नागपूरचे, निवृत्त ड्राफ्ट्समन, म्हणाले, "नुसती बोंबलते काय गं? एकेका झाडाचा फोटो काढू. पान न् पान मोजता आलं पाहिजे!" आणि त्यांनी आपला जुना लाकडी कॅमेरा बाहेर काढला. सागवानी चौकट, पितळी स्क्रू, मधे काळ्या चामड्याचा घड्याघड्यांचा भाता. काळ्या कापडाखाली डोकं घातलं, तर काचेवर अख्खा कडुनिंब उलटा लटकलेला — मी किंचाळलेच! अजूनही किंचाळते.

कॅमेरा पुसून ठेवणं माझ्याकडे आलं. एकदा भात्याच्या घडीत टाचणीएवढं भोक दिसलं. काकांनी बजावलं होतं, "दुरुस्ती मला विचारून." पण विचारायची सवय मला कुठाय? पोस्टरची खळ हाताशी होती, कणकेची. काळा कागद डकवला — झालं!

कणकेवर झुरळं येतात, हे जन्मभर पोस्टरं चिकटवणारीला कळू नये?

पुढचे काकांचे सगळे फोटो पांढऱ्या पट्ट्यांचे निघाले. ते आपल्या हातांकडे बघत बसले. "फिल्मचं झाकण ओढताना हात थरथरतो माझा, उजेड शिरतो. गेले हात, पोरी. आता तूच काढ."

मला ठाऊक होतं का? तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशी भात्यात टॉर्च धरला — खळीच्या जागी झुरळांनी कुरतडून केलेली चाळणी. गुपचूप काळं कापड आणि रबराचं सोल्युशन आणून नीट ठिगळ लावलं. माझे फोटो लख्ख आले. काका टाळ्या पिटत म्हणाले, "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

आणि मी — हसले.

तीन वर्षं झाली. इतकी सुखात मी कधीच नव्हते. दर रविवारी शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी मी कापडाखाली, आणि ज्यांनी शिकवलं ते माझ्यावर छत्री धरून उभे. हा आनंद खोटा असता तर बरं झालं असतं. तो खरा आहे — आणि चोरलेला आहे.

हेही छापतेय. पहिली प्रत शेजारच्या दारात.

काका, झुरळं मी बोलावली. तुमचा हात कधीच थरथरला नाही.