पहिल्या लेवलचा माणूस

नाना कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. चहाचा ग्लास असो, फाटकाची कडी असो, ऑफिसातला कूलर असो. बोटांची मागची बाजू क्षणभर टेकवायची, थांबायचं आणि मग हात सरळ करून वस्तू धरायची. नव्या माणसाला वाटायचं, चहा गरम आहे का ते बघताहेत. पण ते माठातल्या गार पाण्याच्या तांब्यालाही तसाच हात लावत.

कारण मला त्यांनीच सांगितलं. करंट लागला की मूठ आपोआप वळते. तळहाताने धरलेलं असलं तर ती मूठ तिथेच आवळते आणि माणूस चिकटून राहतो. उलट्या हाताला झटका बसला तर हात निदान मागे तरी येतो. तुमच्या गल्लीत एखादा जुना वायरमन असेल तर त्याचा हात कधी नीट बघा. आमच्या नानांचा हात पाण्याच्या तांब्यालाही भ्यायचा, आणि त्याची त्यांना जराही लाज नव्हती.

जळगावच्या बाहेर एका सबस्टेशनवर मी ऑपरेटर आहे. नाना तिथले सगळ्यात जुने वायरमन. मूळचे धुळ्याकडचे, घर पिंप्राळ्यात. त्यांनी खांबावर चढायचं आणि ते खाली उतरेपर्यंत त्या लाइनचा करंट मी बंद ठेवायचा, असं आमचं नातं. मी रुजू झालो त्या दिवशी पॅनलसमोर उभा राहिलो तेव्हा माझे हात थरथरत होते. ते लपवायला मी खिशात घातले. नानांनी पाहिलं आणि आपल्या बोलीत म्हणाले, "भेव वाटस ना भो? मंग बरं शे."

भीती वाटते ना, मग ठीक आहे. हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की वादळ उठलं, विजा कडाडायला लागल्या की आम्ही सगळे त्यांची नक्कल करत ते आपसात म्हणायचो. नाना हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. ते आपले आभाळाकडे बघत बसायचे.

त्यांची आणखी एक पद्धत होती. लाइन बंद केली की ती चालू-बंद करायच्या पॅनलवरच्या मुठीवर 'माणूस खांबावर आहे' अशी पाटी टांगायची, हा नियमच आहे. नाना त्या पाटीबरोबर आपल्या घराची किल्लीही टांगायचे. किल्लीच्या दोरीला बैलाच्या गळ्यातलं एक जुनं घुंगरू होतं. काम झाल्यावर बाकीचे फोन करून सांगायचे, 'झालं, चालू कर.' नाना फोन करत नसत. ते सायकलीवर परत यायचे, स्वतःच्या हाताने किल्ली काढायचे आणि मग म्हणायचे, "आते कर चालू." लोक करंटसाठी खोळंबलेले असायचे, वरून साहेबांचे फोन यायचे. मी वैतागून एकदा विचारलं, "नाना, फोन का करत नाही?" ते म्हणाले, "घर बंद शे ना मन्हं. किल्ली लेवाले मालेच येनं पडी." किल्ली घ्यायला मलाच यावं लागेल. बाकी काही समजावून सांगितलं नाही.

आणि हाच माणूस एके दिवशी डबा खाता खाता मला हळूच म्हणाला, "काल मी सात वेळा मेलो."

झालं असं होतं की मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा मोठा कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात एक गेम होता. अफाट मोकळा मुलूख, गावं, जंगलं, बर्फाचे डोंगर, राक्षस, चेटक्या, आणि त्यात आपला एक माणूस ढाल-तलवार घेऊन सोडून दिलेला. कुठेही जा, कुणी अडवत नाही. नाना गावाबाहेर पडले की लांडगे त्यांचा फडशा पाडायचे. इंग्रजी सगळं वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी मला रविवारी दुपारी घरी बोलावलं. मी असले गेम कॉलेजपासून खेळत आलेला, तेव्हा मोठ्या ऐटीत गेलो.

खुर्चीत बसण्याआधी नानांनी कॉम्प्युटरच्या डब्याला उलटा हात लावला, मग माउसला. मी पाहिलं तर गेम सगळ्यात कठीण पातळीवर लावलेला. एक लांडगा चावला की खेळ खलास. मी म्हटलं, "नाना, हे सोपं करता येतं. इथे बटण आहे."

"मन्हा खांबले असं बटन शे का?"

बटण तसंच राहिलं. मग मी त्यांना लेवल समजावली. छोटे छोटे प्राणी मारायचे, कामं करायची, अनुभव साठतो, लेवल वाढते. लेवल वाढली की ताकद वाढते, आयुष्याची लाल पट्टी लांब होते. उत्तरेच्या डोंगरात जे राक्षस आहेत तिकडे चाळिसाव्या लेवलच्या आत फिरकायचं नाही. नानांनी विचारलं, तिकडे जाऊ नये अशी पाटी आहे का? मी म्हटलं, नाही. त्यांनी पडद्यावरच्या त्या डोंगरावर बोट ठेवलं. "आठे पाटी नही," ते म्हणाले, "आपलं भेव हाईच पाटी."

त्यांचं खेळणं बघायला मजा यायची, पण खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. त्यांचा माणूस कधी पळत नसे. ढाल वर धरून चालायचा. गुहेच्या तोंडाशी थांबायचा, आत बघायचा, परत फिरायचा. गेममध्ये पाऊस आला की नाना त्याला गावात परत आणायचे, कारण पावसात काम नाही. एक लांडगा मारायला त्यांना अर्धा तास लागायचा. नानी, म्हणजे त्यांच्या घरच्या, चहा घेऊन दारातच थांबायच्या. मी साठाव्या लेवलचा गडी, पण नानांच्या शेजारी बसलो की एका लांडग्याला बघून मीही खुर्ची मागे सरकवायचो.

तीन महिन्यांत त्यांचा माणूस पंचविसाव्या लेवलला पोहोचला. एका रविवारी मी गेलो तर नाना एका हाताने माउस चालवत होते आणि दुसऱ्या हातात चहाचा कप होता. समोर तीन लांडगे आले. एकेका घावात तिन्ही आडवे. नानांनी चहाचा घोट घेतला आणि मग एकदम कप खाली ठेवला. आपल्या त्या हाताकडे बघत राहिले.

"बठ्ठं सोपं व्हई गयं," ते म्हणाले. सगळंच सोपं झालं होतं. "नवा काढना पडी."

मी अडवायच्या आत त्यांनी तीन महिन्यांचा माणूस पुसून टाकला. मी चिडलो. अहो, इतकी मेहनत, इतकी हत्यारं, घोडा सुद्धा घेतला होता. नाना ऐकतच नव्हते. नवा माणूस काढला आणि त्याला नाव दिलं, तेच आधीचं नाव. ते कुणाचं, असं मी सहज विचारलं.

ते त्यांच्या जोडीदाराचं होतं. दोघे एकाच दिवशी नोकरीला लागले, बावीस वर्षं एका खांबाखाली डबा खाल्ला. जोडीदाराचा हात फार चालायचा. सुरुवातीला तोही नानांसारखाच, दहा वेळा तपासणारा. मग तरबेज झाला. लाइन बंद झाली की तारेला अर्थिंगचा रॉड लावायचा, म्हणजे चुकून करंट आलाच तर जमिनीत जावा. तो रॉड कशाला, म्हणायला लागला. एका दुपारी तो खांबावर असताना कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा त्या बंद लाइनवर आला. नाना खाली त्याच्या कमरेची दोरी धरून उभे होते.

"त्याले भेव वाटनंच नही," नाना म्हणाले. पुढचं मराठीत, अगदी साहेबांशी बोलतात तसं सरळ बोलले. "दोरी माझ्या हातात होती. ती एकदम जड झाली."

त्या रविवारी मी पिंप्राळ्याहून घरापर्यंत स्कूटर चालवत कसा गेलो ते मला आठवत नाही. पुढच्या दोन वर्षांत नानांनी किती माणसं काढली आणि पुसली ते मी मोजलं नाही. लांडगा आला आणि छाती धडधडली नाही की तो माणूस गेला. मी मात्र त्यांना हसायचं सोडून दिलं.

हे सगळं कळूनही मी काय केलं ते आता सांगतो. ते सांगायला मला अजून जड जातं.

मला पॅनलवर पाच वर्षं झाली होती. हात थरथरायचे केव्हाच थांबले होते. फोन कानाला, नजर मोबाइलवर आणि हात मुठीवर, असं माझं चालायचं. मे महिन्यात मोठं वादळ झालं. रावेरकडच्या केळीच्या बागा झोपल्या म्हणून फोन येत होते, आमच्याकडेही खांब वाकले होते. दोन लाइन बंद होत्या, तीन नंबर आणि चार नंबर. तीनवर नाना चढले होते. चारवर दुसरा वायरमन होता, त्याचा फोन आला, "झालं, चार नंबर चालू कर."

त्याच वेळी दुसऱ्या फोनवर साहेब ओरडत होते. मी 'हो साहेब, हो साहेब' म्हणत पॅनलकडे गेलो, मुठीवरची पाटी काढली आणि मूठ धरली.

घुंगरू वाजलं.

आवाज अगदी बारीक होता. मी खाली बघितलं. पाटीबरोबर माझ्या हातात नानांच्या घराची किल्ली होती आणि दुसरा हात तीन नंबरच्या मुठीवर होता. मनगट वळायला सुरुवात झाली होती. किती वळलं होतं ते मी आजही त्या मुठीकडे बघून ठरवायचा प्रयत्न करतो.

मी हात काढला आणि तिथेच जमिनीवर बसलो. साहेब फोनवर बोलत होते, ते ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. नानांनी दोन्ही बाजूंना रॉड लावलेच असणार, ते वाचलेही असते कदाचित. या 'कदाचित'चा मला नंतर फार त्रास झाला. उठून पाटी आणि किल्ली परत टांगली, चार नंबर चालू केला, आणि नाना येईपर्यंत तीन नंबरच्या मुठीला पाठ लावून उभा राहिलो. कुणी तिकडे येऊ नये म्हणून. खरं म्हणजे मीच येऊ नये म्हणून.

पाऊण तासाने सायकल वाजली. नाना आत आले. त्यांनी पॅनलकडे पाहिलं. पाटी उलटी टांगली गेली होती, अक्षरं मागे. त्यांना काही विचारावं लागलं नाही. माझ्याजवळ आले आणि माझ्या कपाळाला उलटा हात लावला.

"नाना, माझ्या हातून," मी म्हणालो आणि तीन नंबरच्या मुठीकडे बोट केलं.

"भेव वाटनं ना?"

"वाटलं."

ते 'मंग बरं शे' म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले नाहीत. स्टुलावर बसले, तांब्या उचलून प्यायला गेले आणि पाणी शर्टावर सांडलं. इतक्या वर्षांत मी नानांना तांब्याला सरळ हात लावताना तेव्हाच पाहिलं. त्यांनी वर तक्रार केली नाही. मीच दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं आणि मला बोलणी बसली, ते योग्यच झालं. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्यानंतरचे बरेच रविवार गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. ड्युटीवर भेटायचो, कामाचं बोलायचो.

वर्षभराने नाना निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ली दोरीतून सोडवून खिशात घातली आणि घुंगरू माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. सहा महिन्यांनी ते गेले. घरी, पलंगावर, दुपारी जेवून आडवे झाले असताना. खबर आली तेव्हा मला रडू आलं, आणि जोडीने एक विचित्र समाधानही वाटलं. आयुष्यभर ज्या करंटला ते भ्याले त्याने त्यांना नेलं नाही.

दिवस झाल्यावर नानींनी मला बोलावलं. मुलगा म्हणत होता कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकू. नानी म्हणाल्या, "तुन्हं काही शे का त्यामा? शे तर काढी ले."

माझं काही नव्हतं. तरी मी बसलो. माउसला उलटा हात लावला आणि गेम उघडला. वाटलं, जोडीदाराच्या नावाचा कुणी तरी अर्धवट वाढलेला माणूस असेल, एकदा बघून घेऊ.

यादीत एकच माणूस होता. त्याचं नाव माझं होतं.

तो काढल्याची तारीख त्या वादळानंतरच्या रविवारची होती, मी गेलो नाही त्या पहिल्या रविवारची. खेळण्याचा वेळ एकशे दहा तास. लेवल एक.

मी पुन्हा पाहिलं. एकशे दहा तासांत कुणीही विसाव्या लेवलला जातो, जायचं नाही म्हटलं तरी जातो. नानांनी त्याला एक लांडगा मारू दिला नव्हता. एक काम घेऊ दिलं नव्हतं. नकाशावर फक्त गावाभोवतीची वाट उजळलेली होती, तेवढीच पुन्हा पुन्हा चाललेली. जंगलाच्या कडेपर्यंत न्यायचं, लांडगे दाखवायचे आणि परत आणायचं. वर्ष-दीड वर्ष रोज थोडा वेळ नाना मला असे फिरवून आणत होते आणि मी त्यांच्या घरी जायला घाबरत होतो.

तो फाटकापाशी उभा होता, ढाल वर धरून. मी त्याला चालवत जंगलाच्या कडेला नेलं. झाडांतून पहिली आरोळी आली आणि माझ्या तळहाताला घाम फुटला, छाती धडधडायला लागली. मी त्याला वळवलं आणि सावकाश, न पळता, फाटकाच्या आत आणून ठेवलं.

"शे का काही?" नानींनी दारातून विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "हा कॉम्प्युटर मी नेतो."

दोन वाजता ड्युटी होती. तीन नंबरवर नवा वायरमन चढायचा होता. त्याने पाटी टांगली. मी माझ्या घराची किल्ली घुंगराच्या दोरीत ओवली, पाटीशेजारी टांगली, आणि तो सायकलीवर परत येईपर्यंत खिडकीतून रस्त्याकडे बघत उभा राहिलो.