पालक संघाचं पिंप

सुमती म्हात्रेचा मुलगा आमच्या शाळेत सहावीत असताना तापानं गेला. त्यानंतर तिचं पालक संघात काय काम, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर खजिनदारकीची कटकट दुसऱ्या कुणाला नकोच होती. ती दर बैठकीला यायची आणि निघताना व्हरांड्यातलं पाण्याचं स्टीलचं पिंप पदरानं पुसायची. ते तिनंच दिलेलं. त्यावर कोरलं होतं, 'कै. कुंदन तुळशीराम म्हात्रे याच्या स्मरणार्थ'. तिचा नवरा तुळशीराम तळोज्याला कारखान्यात पाळ्या करायचा. घरी मुलाचं नाव निघालं की उठून बाहेर जायचा. म्हणून नाव बघायला ती शाळेत यायची.

पुढे पनवेलात इंग्रजी शाळांचं पेव फुटलं आणि २०११ साली आमची मराठी शाळा बंद झाली. संघ मोडला तर पैसे आणि सामान दुसऱ्या गरजू शाळेला द्यायचं, असं घटनेत होतं. पण आपल्याकडे साधी वाटी दिली तरी तिच्यावर नाव घालतात. शेवटच्या बैठकीनंतर जो तो आपापलं नाव शोधत फिरू लागला. अध्यक्ष अविनाशराव तर पंखा न्यायला रिक्षाच घेऊन आले.

"माझ्या वडिलांचं नाव आहे त्याच्यावर."

"मुलांना दिलात ना, भाऊ? दिलेलं परत नेऊ नये," सुमती म्हणाली.

"मग वहिनी, तुमचं पिंपही जाणार."

मला अविनाशरावांचा असा संताप आला! तिनं नेलं असतं तर कोण अडवणार होतं?

"जाणार," ती म्हणाली.

रिक्षा रिकामी परतली. सामान टेम्पोनं डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरच्या शाळेत गेलं. नंतर सुमती बाजारात दिसायची, पण बोलणं तुटक. तिला जायला आता एकही जागा उरली नव्हती.

दिवाळीनंतर संघाचं खातं बंद झालं. उरलेल्या पैशांचा चेक वाडीवर द्यायचा होता. "विनिता, तूच जा," ती मला म्हणाली. मी चिटणीस, तिला जवळजवळ ओढतच नेलं.

शाळेच्या अंगणात खिचडी शिजवणारी ठकी ओरडत होती, "ए पोरींनो, कुंदन रिता झाला ना! आदी त्याला भरा!"

दोन मुली कळशा घेऊन धावल्या. सुमतीनं माझा हात घट्ट धरला. गुरुजी ओशाळले. "मुलं पिंपावरचं वाचतात हो. त्यांनीच तसं म्हणायला सुरुवात केली. मी बंद करायला सांगतो."

"नको!" सुमती केवढ्यांदा म्हणाली. मग ठकीकडे वळली. "रोज भरता?"

"रोज. कुंदन भरल्याबिगर पोरं जेवाया बसत नाय."

ती तिथंच पायरीवर बसून रडली. परतताना एसटीत पनवेलचा स्टँड आल्यावर उठता उठता म्हणाली, "आज ह्यांना सांगणार. उठून गेले तर मागं जाऊन सांगणार."